चाळीस सेकंदांचं मरण

१

“तुम्ही त्या माणसाची जीभ कापलीत. हातात सुरी नव्हती, रक्ताचा थेंब सांडला नाही, म्हणून सुटलात. पण कापलीत तुम्हीच, आणि वर इतिहास लिहायला बसलात तेव्हा त्याचं नावही गाळलंत.”

मृणालिनीच्या माहितीपटाची सुरुवात या वाक्यांनी होणार होती. ‘तुम्ही’ म्हणजे कोण, ते तिने मुद्दामच लिहिलं नव्हतं. ज्याला टोचेल त्याने आपल्यावर घ्यावं. शांती नगरात दिवसभर रिक्षांचे हॉर्न आणि भाजीवाल्यांचे पुकारे, म्हणून ती कपाटाचं दार उघडून, आईच्या साड्यांत डोकं खुपसून आवाज रेकॉर्ड करायची. अकरा वेळा केला. दर वेळी ‘कापलीत’वर आवाज चढायचा, आणि तिला तो चढलेलाच आवडायचा.

कपाटाच्या दुसऱ्या दाराला आरसा होता. सकाळी आठ वाजता त्या आरशासमोर प्लास्टिकची खुर्ची ठेवून ती बाबांना बसवायची.

लवू, म्हणजे तिचे बाबा, मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात तेवीस वर्षं सुपरवायझर होते. पॉलिशच्या मशिनी एकदम चालू असताना दोन गाळे पलीकडच्या कामगाराला हाक मारली तर त्याला ती स्वच्छ ऐकू जायची, असा त्यांचा आवाज. दिवाळीनंतरच्या आठवड्यात अर्धांगाचा झटका आला. हातपाय महिन्याभरात वळणावर आले, उजवा पाय थोडा ओढायचा तेवढाच, तोंडाचा उजवा कोपरा मात्र ओघळलेलाच राहिला, आणि बोलणं गेलं. कळायचं सगळं. क्रिकेटचा स्कोअर कळायचा, मुलीची चिडचिड कळायची. तोंडातून यायचं ते नुसतं ‘अंऽ’.

संचिता ही स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी यायची. मृणालिनीहून काही वर्षांनी मोठी, हसरी, पायात कायम स्पोर्ट्स शूज. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की काकांचं डोकं शाबूत आहे, तोंड तेवढं वाट विसरलंय. ती वाट रोज पायाखाली घालावी लागेल. कुणीतरी समोर बसून तोंड मोठं करून, सावकाश बोलायचं. त्यांनी ओठ बघायचे आणि आरशात बघून तसेच हलवायचे.

सुगंधा, मृणालिनीची आई, एका शाळेत शिपाई होती. साडेसहाला घराबाहेर पडायची. तेव्हा सकाळचं हे काम लेकीकडे आलं, आणि लेकीच्या अंगात धीर कमी. “पा-णी,” ती म्हणायची. एकदा, दोनदा, दहादा. अकराव्या वेळी तिच्या ओठांत घाई यायची आणि बाबांचे डोळे खाली जायचे.

तरीही फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वहीत एकोणीस शब्द जमले. पाणी, भात, पंखा, चप्पल, दार. चौदाव्या नंबरला सुगंधा. त्या एका शब्दाला सात आठवडे लागले. तो आला त्या रविवारी आई पोळ्या करत होती. हाक ऐकून तिने गॅस बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. पोळी तव्यावरच वातड झाली.

‘मिनू’, म्हणजे मृणालिनीला बाबा मारायचे ती हाक, अजून यायची होती. मृणालिनी वरवर म्हणायची, येईल तेव्हा येईल.

२

कॉन्रॅड तिला सापडला तो उत्तनच्या हेझल आंटींच्या घरी. आंटी सत्तरीच्या, कॉन्रॅडची नात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मृणालिनी मासेमारीवर माहिती गोळा करत फिरत होती आणि आंटींच्या ओटीवर भिंतीला एका देखण्या माणसाचा फोटो होता. डोक्यावर फेटा, कानात मोती. आणि तोंडावर झावळीच्या पात्याची एक आडवी पट्टी, फ्रेमच्या काचेवर चिकटवलेली. विचारलं तर आंटी म्हणाल्या, “आयनी लावलेली. दरसाल ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी बदलते. आधी ती करायची, आता मी करते.”

घराण्याला नाटकी माणसाची लाज, हे मृणालिनीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

बाकीचं तिने खणून काढलं. १९२३ साली एक चित्रपट कंपनी समुद्राचा प्रसंग टिपायला उत्तनच्या किनाऱ्यावर आली. नायकाला पोहता येईना. त्याच्या जागी बुडायला बावीस वर्षांचा कॉन्रॅड उभा राहिला आणि इतका सुंदर बुडाला की दिग्दर्शक त्याला दादरला घेऊनच गेला. नाव बदललं, मास्टर रतनकुमार झाला. आठ वर्षांत चौदा मूकपट. अकरांत तो मेला. विष पिऊन, फासावर, पाण्यात, एकदा हत्तीच्या पायाखाली. मरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पसरलेला पंजा छातीवर यायचा, करंगळी आधी मिटायची, मग एकेक बोट, आणि तेवढ्या वेळात ओठ काहीतरी बोलत असायचे. काय बोलतोय ते ऐकायची सोय नव्हती आणि कुणाला गरजही नव्हती. पुढे संवादाची पाटी यायचीच. लोक ‘वन्स मोअर’ ओरडायचे, ऑपरेटर रीळ मागे घ्यायचा आणि कॉन्रॅड पुन्हा मरायचा.

मग बोलपट आले. १९३१ च्या पावसाळ्यात त्याला मायक्रोफोनसमोर दोन वाक्यं बोलायला लावली. त्या परीक्षेचा निकाल आंटींच्या ट्रंकेत एका कार्डावर होता: “चेहरा उत्तम. भाषा निरुपयोगी.”

तो उत्तनला परतला आणि पुढची एकतीस वर्षं, मरेपर्यंत, एक शब्द बोलला नाही.

हे कार्ड वाचल्यापासून मृणालिनीला झोप नव्हती असं म्हटलं तरी चालेल. ती कुणाशीही बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला कॉन्रॅड यायचा. कोळ्याची, ख्रिस्ती शेतकऱ्याची भाषा तुम्हाला निरुपयोगी वाटली काय? मार्चअखेर एका महोत्सवाला माहितीपट पाठवायचा होता. तिच्याकडे त्याचे तीन फोटो होते, ते कार्ड होतं, आणि ट्रंकेतल्या डब्यात सापडलेला फिल्मचा तुकडा होता. तो अंधेरीच्या एका लॅबने स्कॅन करून दिला. सात मिनिटं. त्यातली शेवटची चाळीस सेकंद फक्त कॉन्रॅडचा चेहरा. विष भिनतंय, पंजा छातीवर आलाय आणि ओठ हलतायत. सहाशे चाळीस चित्रं. तिने एकेक मोजलेलं.

त्याने काय म्हटलं होतं, एवढं कळलं तर शंभर वर्षांनी त्याला त्याचा आवाज परत मिळणार होता. निदान मृणालिनीचं तसं म्हणणं होतं.

३

आंटींनीच ट्रेसीकडे पाठवलं. ट्रेसी चाळिशीची, बोंबील वाळवायला घालणारी. आठव्या वर्षी तापात दोन्ही कान गेले, तेव्हापासून ओठांवरून बोलणं ओळखायची. होडी किनाऱ्यापासून बरीच लांब असतानाच तिला होडीवरच्यांचं बोलणं दिसायचं. कुणाला म्हावरं मिळालं, कोण कोरडा येतोय, हे धक्क्यावरच्या बायका तिला विचारून घ्यायच्या. आणि तिला गावचीच बोली दिसायची. टीव्हीवरची मराठी तिला अर्धीमुर्धीच कळे.

बोंबलांच्या परातींमध्ये, भर उन्हात, लॅपटॉपवर ओढणीची सावली धरून मृणालिनीने तिला चाळीस सेकंद दाखवली. ट्रेसीने पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाली, “कोन हाय.”

“काय?”

“तो म्हणतो, कोन हाय? तिथं कोन हाय? तेच तेच इचारतो.”

पाटीवर लिहिलं होतं, ‘हे ईश्वरा, माझ्या शत्रूंना क्षमा कर.’ मृणालिनीने तिथेच उडी मारायची बाकी ठेवली. ज्या भाषेला निरुपयोगी ठरवलं, त्याच भाषेत तो साऱ्या देशासमोर पडद्यावर बोलत होता आणि एकाही दीडशहाण्याला पत्ता नव्हता.

ट्रेसीच्या चेहऱ्यावर काही आनंद दिसेना. तिने बोट स्क्रीनजवळ नेलं. तिचा आवाज सपाट आणि मोठा, स्वतःला न ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा. “इचारतो आन् थांबतो. ह्ये बघ. परत इचारतो, परत थांबतो. मरनारा माणूस थांबल कशाला? त्याला उत्तर पायजे.”

मृणालिनी म्हणाली, नट आहे, समोर दिग्दर्शक असेल, तो सूचना देत असेल. ट्रेसीने मान हलवली आणि बोंबील उलटायला गेली.

परतताना बसमध्ये मृणालिनीला ती कल्पना सुचली, आणि इतके दिवस कशी सुचली नाही याचंच नवल वाटलं. संचिता काय म्हणाली होती? मोठं तोंड, सावकाश, पुन्हा पुन्हा. मूकपटातल्या नटाइतकं मोठं आणि सावकाश कोण बोलणार? आणि त्याला अकराव्या वेळी घाई येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची आरशासमोरून हलवून टेबलासमोर ठेवली, चाळीस सेकंदांची फिल्म निम्म्या वेगाने, संपली की पुन्हा सुरू होईल अशी लावली आणि बाबांना म्हणाली, याच्या ओठांकडे बघा. बाबांनी बघितलं. संचितालाही पटलं, म्हणाली व्हेरी क्रिएटिव्ह, चालू ठेव.

तिसऱ्या दिवशी कॉन्रॅडने विचारलं, तो थांबला, आणि त्या थांबण्यात बाबांचे ओठ उघडले.

“लवू,” बाबा म्हणाले.

स्वतःचं नाव. झटक्यानंतर पहिल्यांदा. कुणी शिकवलेलं नाही, वहीत नाही. मृणालिनीने आईला शाळेत फोन केला आणि रडत रडत सांगितलं. मग वहीत विसावा शब्द लिहिला आणि त्याच्याभोवती लाल पेनाने चौकोन काढला.

४

पुढचे पंधरा दिवस तिला माहितीपटाशिवाय काही दिसलं नाही. सकाळी बाबांना फिल्मसमोर बसवायचं, स्वतः आतल्या खोलीत दुसऱ्या मशीनवर हेडफोन घालून एडिटला बसायचं. मधून डोकावलं की बाबा बसलेले असायचे, ओठ हलत असायचे. आरशासमोर दहा मिनिटांत कंटाळणारा माणूस आता तास तास उठत नव्हता. तिला बरं वाटायचं. संचिता आजारी पडून गावी गेली होती. वही टेबलाच्या खणात राहिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती कॅमेरा घेऊन पुन्हा उत्तनला गेली. ट्रेसी ओठ वाचतेय आणि ‘कोन हाय’ म्हणतेय, हा तिच्या फिल्मचा कळस होता. आंटींच्या ओटीवर उजेड चांगला होता. ट्रेसीला खुर्चीत बसवलं, लॅपटॉप समोर ठेवला, कॅमेरा सुरू केला.

ट्रेसी स्क्रीनकडे झुकली. मग म्हणाली, “पानी.”

मृणालिनीने कॅमेऱ्यामागून हात हलवून विचारलं, काय?

“पानी. भात. पंखा.” ट्रेसीचे डोळे स्क्रीनवरून हलले नाहीत. “चप्पल. दार. आता येगळं बोलतो. सामान बोलतो.”

लाल दिवा चालूच होता. मृणालिनीने ट्रेसीला आपल्या बाबांबद्दल सांगितलं होतं का? सांगितलं होतं, मागच्या खेपेला, चहा पिताना. पाणी, भात कुणीही म्हणेल. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात आणि क, ग तर दिसतच नाहीत, हे तिनेच वाचलं होतं. ट्रेसी अंदाज बांधतेय. किंवा ट्रेसी थट्टा करतेय.

“चादर,” ट्रेसी म्हणाली. “गोळी. बस. डबा.”

पहिले नऊ. त्याच क्रमाने. मृणालिनीने पिशवीत हात घातला, आणि आठवलं की वही घरी आहे. पण वही लागत नव्हती. तिला ती पाठ होती. दहावा शब्द तिच्या तोंडात तयार होता आणि ट्रेसी तो म्हणाली. अकरावा म्हणाली. बारावा, तेरावा. चाळीस सेकंद इतकी मोठी कधी झाली होती?

“सुगंधा,” ट्रेसी म्हणाली, आणि पहिल्यांदा वळून मृणालिनीकडे बघितलं. “ह्यी कोन?”

घरी पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाबा खुर्चीत होते. तिने त्यांच्यासमोर गुडघे टेकले, आणि घाई होऊ नये म्हणून हाताची मूठ आवळून धरली.

“बाबा, पाणी म्हणा. पा-णी.”

बाबांनी प्रयत्न केला. मानेची शीर फुगली. “अंऽ,” ते म्हणाले आणि बोटाने माठ दाखवला.

तिने सगळे वीस विचारले. संध्याकाळी आई आली, हातातली पिशवी ठेवून नेहमीसारखी हसून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि वाट बघत राहिली. आल्याबरोबर हाक मारायची त्यांना आता सवय झाली होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि आईचा पदर दोन बोटांत धरून ठेवला.

५

असं होतं, संचिता फोनवर म्हणाली. शब्द येतात, जातात, ताण असेल तर मागेही सरकतात. घाबरू नको, मंगळवारी येते. मृणालिनीने ते वाक्य औषधासारखं चार वेळा स्वतःशी म्हटलं. मग फाइल तपासली. तारीख तीच, आकार तोच, सहाशे चाळीस चित्रं. तिने लॅबने पहिल्या दिवशी दिलेली प्रत आणि आजची शेजारी लावून बघितली, आणि तिला फरक सांगता येईना, कारण तिला ओठ वाचता येत नव्हते. इतके महिने ती ज्याला आवाज देणार म्हणून ओरडत होती, त्याचं एक अक्षर तिला दिसत नव्हतं.

तिने लॅपटॉप बंद केला, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि पुन्हा आरशासमोर खुर्ची आणली. आता तिला अकराव्या वेळी घाई येत नव्हती. शंभराव्या वेळीही येत नव्हती. बाबांचे डोळे तिच्या ओठांवर यायचे आणि लगेच घसरायचे, ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि ते परकं निघावं तसे.

सोमवारी ती भाजी आणायला खाली गेली. अर्ध्या तासाने दार उघडून आत आली तेव्हा घरात आवाज नव्हता. पंखाही बंद. तिला खुर्चीची पाठ दिसत होती, बाबांची मान, आणि पलीकडे आरशात त्यांचा चेहरा.

आरशातलं तोंड हलत होतं. मोठं, सावकाश, एकेक अक्षर सुटं. आवाज नव्हता. तोंड हलायचं, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा हलायचं. ओघळलेला कोपरा ओघळलेला नव्हता. तो इतका नीट, इतका घट्ट वर होता की तिला आधी वाटलं आरशात दुसरंच कुणी आहे. मग उजवा हात मांडीवरून उचलला गेला. पंजा पसरून छातीवर आला आणि करंगळी मिटली.

तिच्या हातातली पिशवी पडली. बाबा दचकून वळले. तोंडाचा उजवा कोपरा खाली, डोळे भिजलेले. “अंऽ,” ते म्हणाले, आणि हात लांब करून त्यांनी तिला जवळ बोलावलं. ती गेली. त्यांनी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. काहीतरी सांगायचं होतं. दोनदा ओठ मिटून उघडले, आतला श्वास ढकलला गेला, आणि सगळं बळ लावून त्यांनी शेवटी म्हटलं,

“मिनू.”

तिला तो शब्द मिळाला, आणि त्या क्षणीच तिला तो परत त्यांच्या तोंडात ढकलून दार लावून घ्यावंसं वाटलं.

६

मंगळवारी संचिता यायची वेळ साडेदहाची होती. मृणालिनीने तिच्यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली आणि सकाळच्या पहिल्या बसने उत्तन गाठलं. डब्यातला तुकडा बरोबर घेतला होता, लॅपटॉपही. माहितीपट गेला खड्ड्यात. तो तुकडा ज्यांचा होता त्यांना द्यायचा, त्यांच्यादेखत फाइल पुसायची आणि काय झालं ते विचारायचं.

हेझल आंटींनी डबा हातात घेतला नाही. आधी एकच विचारलं, “त्याच्यासमोर बसवलंस कोनाला?”

मृणालिनीने सांगितलं. आंटी खाली बसल्या. मग, जसं काही स्वयंपाकातलं सांगावं तसं म्हणाल्या की आजा, म्हणजे कॉन्रॅड, या ओटीवरच बसायचा. आवाज न्हाय, पण तोंड दिवसभर चालू. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघून इचारायचा. “आमाला पोरांना ताकीद होती. त्याच्याकडं पाठ करून जेवायचं. त्याच्यासमोर तोंड हलवायचं न्हाय. आम्ही समजलो, खुळा झालाय म्हणून.”

“आणि कुणी हलवलं तर?”

“कोनी हलवलं न्हाय,” आंटी म्हणाल्या. “हलवलं तर त्या दिशी जेवन मिळायचं न्हाय पोरी, वर मार. कोन कशाला हलवल?”

मृणालिनीला संताप आला. स्वतःचा, आंटींचा, झावळीच्या पट्टीचा, सगळ्यांचा. कुणीतरी तिला सांगायला हवं होतं. पण काय सांगायला हवं होतं, हे तिलाही सांगता येईना. तिने अंगणातून ट्रेसीला बोलावून आणलं. पुसायच्या आधी एकदा, फक्त एकदा, तिला बघायचं होतं. कालचा शब्द तिथे आहे का, एवढंच. नसेल तर हे सगळं तिच्या जागरणाचं पाप.

तिने फिल्म लावली.

कॉन्रॅडचा चेहरा आला. फेटा, मोती, कपाळावरचा घाम. पंजा छातीवर आला. करंगळी मिटली, मग एकेक बोट. तोंड बंद होतं.

चाळीस सेकंद ते बंदच राहिलं. ओठांवर ओठ, शांत, एखादं काम उरकून बसलेल्या माणसाचे असतात तसे. एकदाच, शेवटाकडे, उजवा कोपरा किंचित खाली ओघळला.

फिल्म संपून पुन्हा सुरू झाली. तोंड बंद. ट्रेसीने मृणालिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली की आता तो काही बोलत न्हाय, झालं त्याचं.

परतीच्या वाटेवर मृणालिनीने घरी अकरा वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही. शांती नगरच्या नाक्यावर रिक्षा अडकली तशी ती उतरून धावली. लिफ्टची वाट न बघता चार मजले चढली. दार उघडं होतं. उंबऱ्याशी वाकून संचिता बुटाची नाडी बांधत होती. आतून खोलीतल्या खोलीत कुणीतरी फिरत असल्याचा आवाज येत होता. पाऊल ठाम, दोन्ही पाय सारखे पडणारे.

संचिताने वर बघितलं. तिचा चेहरा आनंदाने लाल झाला होता. मृणालिनीला बोलायची संधीच न देता तिने दोन्ही हातांनी तिचे हात धरले. सहा वर्षं हे काम करतेय, म्हणाली, पण असं कधी पाहिलं नाही. सुटे शब्द नाहीत, सलग वाक्यं. दीड तास काका थांबलेच नाहीत, हिला कुठे थांबवावं कळेना. आवाज जरा निराळा लागतो, पण तो चार महिन्यांनी लागलाय, होईल सवयीने.

मग आठवल्यासारखं करून तिने खांद्यावरच्या पिशवीतून बाबांची फाइल काढली.

“घरात कोण कोण असतं, त्यांची नावं काय, हे मात्र मलाच विचारत होते, तेवढी जरा आठवण करून दे त्यांना. आणि फॉर्मवर तू मूळ गाव रत्नागिरी लिहिलंयस ना, काका म्हणाले ते चुकलंय, उत्तन लिहा. मी खोडून बरोबर केलंय.”